फिजिशियन होण्याची वाट : वाचकांचे प्रश्न आणि डॉक्टरांची उत्तरे

बारावीचा आणि ‘नीट’चा निकाल हाती आला की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा विषय बदलतो. एरवी रक्तदाबाच्या गोळ्यांविषयी किंवा गुडघेदुखीविषयी विचारणारे वाचक मुलांच्या वैद्यकीय प्रवेशाविषयी लिहू लागतात. यंदाच्या पत्रांतून सहा प्रश्न निवडले आहेत. जागा मिळेल का, ही चिंता बहुतेक पत्रांत आहे आणि ती रास्तही आहे. परंतु जागा मिळाल्यानंतर आयुष्यभर जे काम करायचे ते नेमके कोणते, हे एकाच मुलीने विचारले. म्हणून तिचे पत्र सर्वांत आधी घेतले आहे.

प्रश्न : मी गोव्यातील सत्तरी तालुक्यात राहते आणि हायर सेकंडरीत अकरावी विज्ञान शाखेत शिकते. माझ्या आजीला मधुमेह आहे. तिला घेऊन मी वाळपईच्या आरोग्य केंद्रात जाते आणि कधी कधी बांबोळीच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळातही जावे लागते. तेथील फिजिशियनना पाहून आपणही हेच करावे असे मला वाटते. मैत्रिणी म्हणतात की फिजिशियन शस्त्रक्रिया करत नाहीत, नुसत्या गोळ्या लिहून देतात. फिजिशियन दिवसभर नेमके काय करतात? मी अभ्यासात बरी आहे, पण फार हुशार नाही. मला हे जमेल का?

उत्तर : तुझ्या मैत्रिणींचा जो समज आहे तोच अनेक मोठ्या माणसांचाही असतो, म्हणून तुला सविस्तर सांगते. एमबीबीएसनंतर जनरल मेडिसिन या विषयात तीन वर्षांचे एमडी केलेल्या डॉक्टरांना आपण फिजिशियन म्हणतो. प्रौढ माणसांचे जे आजार शस्त्रक्रियेवाचून हाताळायचे असतात ते बहुतेक त्यांच्याकडे येतात. त्यात ताप, मधुमेह, रक्तदाब, दमा, हृदयाचे, मूत्रपिंडाचे आणि यकृताचे विकार तर असतातच, शिवाय विषबाधा आणि सर्पदंशही असतो. गोळ्या लिहून देणे हा या कामाचा शेवटचा आणि पुष्कळदा सर्वांत छोटा भाग असतो. त्याआधी निदान करायचे असते, आणि त्यासाठी आधी रुग्णाचे म्हणणे ऐकावे लागते, मग त्याला हाताने तपासावे लागते आणि त्यानंतरच रक्ताची किंवा अन्य कोणती तपासणी खरोखर हवी आहे ते ठरवावे लागते.

तुझ्याच तालुक्यातले उदाहरण घे. मार्च महिन्यात, काजूच्या हंगामात, चार दिवसांचा ताप घेऊन एक माणूस आरोग्य केंद्रात येतो. त्याचे डोके असह्य दुखते आणि अंग मोडून आलेले असते. हा डेंग्यू असेल, मलेरिया असेल, किंवा चार दिवसांनी आपोआप उतरणारा साधा विषाणूजन्य तापही असेल. परंतु तो काजू गोळा करायला रानात जातो का, त्या बाजूला माकडे मेलेली आढळली आहेत का, अंगाला गोचीड चिकटली होती का, हे ज्या डॉक्टरांनी विचारले त्यांच्याच मनात माकडतापाचा संशय येईल. १९५७ मध्ये कर्नाटकातील क्यासनूरच्या जंगलात प्रथम ओळखला गेलेला हा आजार २०१५ मध्ये सत्तरीतील पाली गावातही आढळला, हे तुझ्या घरच्यांना आठवत असेल. आता तोच माणूस जुलैमध्ये भाताच्या शेतात अनवाणी राबून तापाने आला, पोटऱ्या दाबताच कळवळला आणि त्याचे डोळे लाल दिसले, तर विचार लेप्टोस्पायरोसिसचा, म्हणजे उंदरांच्या लघवीने दूषित झालेल्या पाण्यातून होणाऱ्या आजाराचा, करावा लागतो; तेथे योग्य प्रतिजैविक वेळेवर सुरू झाले तर मूत्रपिंडे वाचण्याची शक्यता वाढते. दोन्ही वेळच्या केस पेपरवरची पहिली ओळ एकच असते: ताप, चार दिवस. पुढच्या ओळी विचारलेल्या प्रश्नांतून लिहिल्या जातात, आणि ते प्रश्न सुचण्यासाठी पुस्तकाइतकीच आपल्या गावाची, तिथल्या हंगामांची आणि कामांची माहिती लागते. ती माहिती तुझ्याकडे आजच आहे.

आजीच्या आजाराविषयीही थोडे लिहिते, कारण गोव्यात फिजिशियन होणाऱ्याच्या आयुष्यातील फार मोठा वेळ त्याच आजारासाठी जाणार आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत मधुमेहाचे प्रमाण देशात ११.४ टक्के, तर गोव्यात २६.४ टक्के आढळले. कोणत्याही राज्यात ते याहून अधिक नव्हते. साखरेचा आकडा पाहून गोळी वाढवणे कोणालाही शिकता येते. आजी दुपारी भात किती घेते, एकादशीच्या उपवासाला ती गोळी घेते की टाळते, इन्सुलिन टोचून द्यायला दिवसा घरी कोण असते, पायाला ठेच लागलेली तिला जाणवते का, हे दर भेटीत विचारून पंधरा-वीस वर्षे तिचे डोळे, मूत्रपिंडे आणि पाय सांभाळणे हे खरे काम आहे. त्यात एका दिवसात मिळणारे यश जवळजवळ नसते. काही रुग्ण बरे होत नाहीत आणि त्यांच्या घरच्यांना ते समोर बसवून, नीट शब्दांत सांगावे लागते, हेही याच कामात येते.

म्हणून ‘जमेल का’ याची कसोटी गुणपत्रिकेत शोधू नकोस. त्याच दिवशी आलेल्या चाळिसाव्या रुग्णाला पहिल्याइतकेच लक्ष देऊन तोच प्रश्न विचारायचा आहे, हे कल्पनेतही कंटाळवाणे वाटत असेल, तर दुसरे उत्तम मार्ग आहेत. तसे वाटत नसेल तर पुढे जा. अभ्यासाला बुद्धी लागते, पण असामान्य बुद्धी लागत नाही. रोज ठरावीक वेळ बसण्याची सवय लागते, कारण पहिल्या वर्षाच्या शरीररचनाशास्त्रापासून शेवटच्या वर्षापर्यंत एका रात्रीत उरकेल असे येथे काहीच नसते. सध्या एवढेच कर : आजीच्या साखरेच्या नोंदींची वही तूच ठेव, आणि पुढच्या भेटीत डॉक्टरांची परवानगी घेऊन त्यांना विचार की त्यांनी हीच गोळी का निवडली. उत्तर ऐकताना तुझे कुतूहल वाढते की संपते, याकडे लक्ष दे.

प्रश्न : माझे प्राथमिक शिक्षण मराठीतून झाले आणि पाचवीपासून इंग्रजी माध्यम आले. अजूनही इंग्रजीत बोलताना मी अडखळतो. वैद्यकीय महाविद्यालयात मागे पडेन का? — बारावीतील विद्यार्थी, मांद्रे

उत्तर : पहिले सहा महिने जड जातील, पण त्यानंतर अडचण राहणार नाही. वैद्यकातील संज्ञांपैकी मोठा भाग लॅटिन आणि ग्रीक मुळांतून आलेला आहे, त्यामुळे इंग्रजी माध्यमाच्या मुलांनाही त्या पहिल्या दिवशी नव्यानेच शिकाव्या लागतात. १८४२ मध्ये पणजीत सुरू झालेल्या ज्या वैद्यकीय शाळेतून आजचे गोवा वैद्यकीय महाविद्यालय घडले, तेथे आपल्याकडची मुले पोर्तुगीजमधून वैद्यक शिकली आणि पुढे आफ्रिकेतील वसाहतींपर्यंत जाऊन त्यांनी डॉक्टर म्हणून काम केले. तुझ्याच मांद्रे गावात जन्मलेले भाऊ दाजी लाड मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजच्या अगदी पहिल्या तुकडीत इंग्रजीतून शिकले. ‘नीट’ची प्रश्नपत्रिका मराठीतही निघते, पण पुढचा सगळा अभ्यास इंग्रजीतून असल्याने, जमत असेल तर ती इंग्रजीतूनच द्यावी असे मला वाटते. वॉर्डमध्ये मात्र पेडण्याच्या, दोडामार्गच्या आणि सावंतवाडीच्या रुग्णांशी त्यांच्या बोलीत बोलणारा विद्यार्थी त्यांच्याकडून जी माहिती काढून आणतो ती इतरांना मिळत नाही, आणि शिक्षकांच्या ते लवकर लक्षात येते.

प्रश्न : आमच्या मुलीला यंदा ‘नीट’मध्ये गोव्यातील सरकारी जागा मिळण्याइतके गुण मिळाले नाहीत. एका एजंटाने परदेशातील विद्यापीठात प्रवेश मिळवून देण्याची तयारी दाखवली आहे. त्यासाठी कुळागराचा (सुपारी-नारळाच्या बागेचा) काही भाग विकावा लागेल. नातेवाईक म्हणतात, शिरोड्याला आयुर्वेदाला घाला, नाव तर डॉक्टरच लागेल. तिच्या वडिलांना वाटते की तिने एक वर्ष थांबून पुन्हा परीक्षा द्यावी. मुलगी काहीच बोलत नाही. आम्ही काय करावे? — एक आई, डिचोली

उत्तर : आपल्या पत्रातील सर्वांत महत्त्वाचे वाक्य शेवटून दुसरे आहे. मुलगी बोलत नाही तोवर या तिन्हींपैकी कोणताही निर्णय घेऊ नये, ही माझी पहिली विनंती आहे. निकालानंतरचे काही दिवस तिला प्रवेशाविषयी कोणी काही विचारू नये. नंतर वडिलांनी किंवा आपण, एकानेच, नातेवाइकांच्या अनुपस्थितीत तिच्याशी बोलावे आणि ‘तुला डॉक्टर व्हायचे आहे का’ असे विचारण्याऐवजी ‘गेल्या दोन वर्षांत तुला अभ्यासातले काय आवडले’ असे विचारावे. जीवशास्त्र मनापासून आवडणारी मुलगी आणि घरच्यांच्या शब्दाखातर बसलेली मुलगी, या दोघींची उत्तरे वेगळी येतात.

आता वस्तुस्थिती. एमबीबीएसचे शिक्षण देणारे गोव्यात आज एकच महाविद्यालय आहे, ते म्हणजे बांबोळीचे गोवा वैद्यकीय महाविद्यालय (गोमेकॉ). तेथील १५ टक्के जागा अखिल भारतीय कोट्यातून, केंद्रीय समुपदेशनाने भरल्या जातात. उरलेल्या जागांचे प्रवेश राज्याचे तंत्रशिक्षण संचालनालय करते आणि त्यांना गोव्यातील वास्तव्याच्या अटी तसेच राखीव प्रवर्गांचे नियम लागू असतात. संचालनालयाची माहितीपुस्तिका दरवर्षी नव्याने निघते. शेजाऱ्याच्या मुलाला तीन वर्षांपूर्वी काय लागले होते यावर विसंबून न राहता ती पुस्तिका पहिल्या पानापासून वाचावी, दाखले आधीच काढून ठेवावेत, आणि समुपदेशनाच्या सर्व फेऱ्या संपेपर्यंत आशा सोडू नये, कारण अखिल भारतीय कोट्यातून किंवा अन्य अभ्यासक्रमांत प्रवेश घेणारे विद्यार्थी निघून गेल्यावर काही जागा नंतरच्या फेऱ्यांत मोकळ्या होतात.

एक वर्ष थांबण्याविषयी. ‘नीट’ कितीदा द्यावी यावर सध्या मर्यादा नाही आणि कमाल वयाची अटही नाही. पण मर्यादा नाही एवढ्या कारणासाठी थांबू नये. परीक्षा ७२० गुणांची असते. १८० प्रश्नांपैकी ९० जीवशास्त्राचे आणि भौतिकशास्त्र व रसायनशास्त्राचे प्रत्येकी ४५ असतात, बरोबर उत्तराला ४ गुण मिळतात आणि चुकीच्या उत्तराला १ गुण वजा होतो. तिची उत्तरपत्रिका आणि अधिकृत उत्तरसूची शेजारी ठेवून एक संध्याकाळ बसावे आणि गुण कोठे गेले ते विषयवार लिहून काढावे. भौतिकशास्त्रात अनेक प्रश्न सोडून दिले असतील, किंवा अंदाजाने उत्तरे देऊन गुण वजा झाले असतील, तर एका वर्षात मोठा फरक पडू शकतो, कारण त्यावर उपाय ठाऊक आहे. तिन्ही विषयांत सारखीच घसरण असेल आणि तिने दोन वर्षे प्रामाणिकपणे, खाजगी वर्ग लावून अभ्यास केलेला असेल, तर तोच अभ्यास तसाच पुन्हा करून निकाल बदलण्याची शक्यता कमी असते. थांबायचे ठरले तर ते एकाच वर्षासाठी असावे आणि पुढच्या निकालानंतर काय करायचे ते आजच ठरवून ठेवावे. २०२४ मध्ये २३ लाखांहून अधिक विद्यार्थ्यांनी ही परीक्षा दिली आणि देशात एमबीबीएसच्या जागा लाखाच्या थोड्या वर होत्या. या प्रमाणात जागा न मिळणे म्हणजे मुलगी कमी पडली असा अर्थ काढणे अन्यायाचे आहे, आणि घरात तसे कोणी म्हणत असेल तर ते आपणच थांबवायला हवे.

परदेशाविषयी माझे मत स्पष्ट आहे : एजंटाच्या शब्दावर कुळागर विकू नये. एजंट प्रवेशाविषयी बोलतो, आपल्याला परवान्याचा विचार करायचा आहे. २०२१ च्या नियमांनुसार परदेशातील अभ्यासक्रम किमान ५४ महिन्यांचा आणि इंग्रजी माध्यमाचा असावा लागतो, त्यानंतर त्याच संस्थेत १२ महिन्यांची इंटर्नशिप व्हावी लागते, आणि त्या पदवीवर त्या देशातही वैद्यकीय व्यवसाय करण्याची नोंदणी मिळू शकत असली पाहिजे. सगळे शिक्षण १० वर्षांत पूर्ण व्हावे लागते. भारतात परतल्यावर पात्रता परीक्षा आणि पुन्हा १२ महिन्यांची इंटर्नशिप असते. त्या पात्रता परीक्षेत अलीकडे उत्तीर्ण होणाऱ्यांचे प्रमाण वारंवार एक तृतीयांशाच्याही खाली राहिले आहे. याचा अर्थ परदेशात शिकलेले सगळे डॉक्टर कच्चे असतात असा मुळीच नाही. तेथे जाऊन अतिशय चांगले शिकून आलेले सहकारी मी पाहिले आहेत. पण त्या विद्यापीठात विद्यार्थ्यांना रुग्ण प्रत्यक्ष तपासायला मिळतात का, त्या रुग्णांची भाषा विद्यार्थ्यांना शिकवली जाते का, आणि तेथून परत आलेल्यांपैकी किती जणांना भारतात नोंदणी मिळाली, या तीन प्रश्नांची लेखी उत्तरे जो एजंट देऊ शकत नाही, त्याच्याकडे पुन्हा जाण्याचे कारण नाही.

आयुर्वेदाविषयी नातेवाइकांचा सल्ला चुकीचा आहे असे मी म्हणणार नाही, पण त्यांनी दिलेले कारण मला पटत नाही. आयुर्वेद हे साडेपाच वर्षांचे, इंटर्नशिपसह पूर्ण होणारे स्वतंत्र शास्त्र आहे. शिरोड्याचे महाविद्यालय जुने आहे आणि धारगळला अखिल भारतीय आयुर्वेद संस्थेचे केंद्र डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झाले आहे. ज्या मुलीला त्या शास्त्राची ओढ आहे, ती तेथे उत्तम वैद्य होईल. नावामागे डॉक्टर लागावे म्हणून तेथे गेलेली मुलगी मात्र दोन्हीकडे अर्धवट राहते, आणि त्याची झळ शेवटी तिच्या रुग्णांना बसते. रुग्णांची सेवा हेच तिचे खरे आकर्षण असेल तर बांबोळीच्या नर्सिंग संस्थेचाही विचार मोकळ्या मनाने करावा. अतिदक्षता विभागात रुग्ण वाचतो तो पुष्कळदा रात्रपाळीच्या परिचारिकेच्या लक्षामुळे, हे मी रोज पाहते.

प्रश्न : मी वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत औषध कंपनीत नोकरी करतो. वय २९. डॉक्टर होण्याची इच्छा जुनी आहे. आता उशीर झाला का?

उत्तर : नियमाने उशीर झालेला नाही, हिशेबाने पाहा. तिसाव्या वर्षी प्रवेश मिळाला तर साडेपाच वर्षांचे एमबीबीएस पस्तिशीत संपेल आणि फिजिशियन व्हायचे तर एमडी एकोणचाळिशीच्या आसपास. या काळात पहिली साडेचार वर्षे उत्पन्न नाही आणि पुढच्या वर्षाला केवळ इंटर्नचे विद्यावेतन आहे. घरी आपल्या पगारावर कोण कोण अवलंबून आहे, ते पाहून मगच नोकरी सोडावी. आधी नोकरी करतच एक सराव परीक्षा वेळ लावून, प्रामाणिकपणे सोडवावी. तिचे गुण पाहिल्यावर उत्तर बरेचसे स्पष्ट होईल.

प्रश्न : माझा मुलगा शेजारच्या राज्यात जनरल मेडिसिनच्या एमडीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. सलग छत्तीस तासांच्या ड्युट्या असतात असे सांगतो. फोनवर धड बोलत नाही. गणेश चतुर्थीला दोन दिवस घरी आला आणि झोपूनच राहिला. जाताना म्हणाला, आई, हे सगळे सोडून द्यावेसे वाटते. एवढे शिकून सोडायचे म्हणजे काय, असे त्याचे बाबा रागाने म्हणाले. मला भीती वाटते. — एक आई, काणकोण

उत्तर : ताई, आपली भीती योग्य आहे आणि ती बाजूला सारू नका. निवासी डॉक्टरांचे थकणे हा त्यांच्या मनाचा कमकुवतपणा नव्हे. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यासाठी नेमलेल्या कृतिदलाने २०२४ मध्ये अहवाल दिला. निवासी डॉक्टरांचे काम आठवड्याला ७४ तासांच्या पुढे जाऊ नये, आठवड्यातून एक दिवस सुट्टी असावी आणि रोज सात ते आठ तास झोप मिळावी, अशी शिफारस त्यात आहे. ७४ तास हीसुद्धा थोडी संख्या नव्हे. पण तेवढी मर्यादाही लेखी सुचवावी लागली, यावरून प्रत्यक्ष स्थिती समजते.

त्याला भेटायला तुम्ही स्वतः जा, आणि शक्य असेल तर बाबांनाही न्या. सोडण्याची किंवा राहण्याची चर्चा पहिल्या भेटीत करू नका. त्याला जेवू घाला, झोपू द्या आणि मग हळूच विचारा की रुग्ण पाहण्याचाच कंटाळा आला आहे की परिस्थितीचा. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत आणि अतिशय थकलेल्या माणसाला त्या स्वतःहून वेगळ्या करता येत नाहीत. वॉर्डमधला एखादा रुग्ण बरा होऊन घरी गेल्याचे सांगताना त्याचा चेहरा अजून उजळत असेल, तर त्याला विश्रांती, रजा आणि विभागातील एखाद्या समजूतदार वरिष्ठाचा आधार हवा आहे; तशी रजा त्याने लेखी मागावी. तसे काही सांगण्याची इच्छाच उरली नसेल, सुट्टीतही झोप येत नसेल किंवा झोपूनच राहत असेल, जेवण तुटले असेल, तर हा नैराश्याचा आजार असू शकतो आणि त्यावर इतर कोणत्याही आजाराप्रमाणे उपचार करावे लागतात. जगण्यात अर्थ नाही अशा प्रकारचे एक वाक्यही तो बोलला तर त्याला त्या रात्री एकटे सोडू नका आणि लगेच मानसोपचारतज्ज्ञांकडे न्या. टेली मानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र सुरू असतो. तो त्यालाही द्या आणि तुमच्याकडेही ठेवा. गोव्यात आणलेत तर बांबोळीची मनोविकार आणि मानवी वर्तन संस्था आहे. डॉक्टरने मानसोपचारतज्ज्ञाकडे जाण्याने त्याची नोंदणी किंवा पदवी धोक्यात येत नाही, हे त्याच्या बाबांना अवश्य सांगा.

आणि हे सगळे करूनही त्याने विषय बदलायचे किंवा थांबायचे ठरवले, तर त्याच्या एमबीबीएसच्या पदवीला कोणी हात लावू शकत नाही. बंधपत्राच्या आणि पुढील प्रवेशाच्या अटी आधी शांतपणे वाचून घ्याव्यात, एवढेच.

प्रश्न : मी गोमेकॉत इंटर्न आहे, मूळ पेडणे तालुक्यातील. घरच्यांना वाटते की मी एमडी करून पुढे हृदयरोगात डीएम (एमडीनंतरची अतिविशेष पदवी) करावे. मला गावाजवळ दवाखाना टाकून कुटुंबांचा डॉक्टर म्हणून काम करायचे आहे. मित्र म्हणतात, आता नुसत्या एमबीबीएसला कोण विचारतो. मी स्वतःचे नुकसान करून घेत आहे का?

उत्तर : तुमच्या घरच्यांनी सुचवलेला मार्गही चांगला आहे, फक्त त्याची लांबी डोळ्यांसमोर ठेवा. इंटर्नशिपनंतर नीट-पीजी, एमडीची तीन वर्षे, पुन्हा प्रवेश परीक्षा आणि डीएमची तीन वर्षे. या प्रत्येक परीक्षेच्या तयारीत आणखी एखादे वर्ष जाते. ज्याला हृदयाच्या विकारांत खरा रस आहे त्याला ही वर्षे जड वाटत नाहीत. ज्याला मानासाठी जायचे आहे त्याला ती फार जड जातात.

गावचा डॉक्टर आता लागत नाही, हे मात्र मला अजिबात मान्य नाही. १८९६ मध्ये मुंबईत गाठीचा प्लेग पसरू लागला तेव्हा मांडवी भागात तो ओळखणारे डॉ. अकासिओ व्हिएगस हे खाजगी दवाखाना चालवणारे डॉक्टर होते, आणि ते आपल्या बार्देशातील हडफड्याचे. एका वस्तीतले रुग्ण रोज पाहणाऱ्याच्या नजरेला जे वेगळे दिसते, ते मोठ्या इस्पितळात एकेक रुग्ण सुटा पाहणाऱ्याला उशिरा दिसते. आजच्या पेडण्यात हीच गोष्ट तापाच्या साथीला लागू आहे आणि रोजच्या मधुमेहालाही. छातीत दुखणाऱ्या माणसाचे उदाहरण घ्या. त्याला म्हाताऱ्या आईच्या शब्दावर ‘वायू असेल’ म्हणून घरी बसवून ठेवले जाते. त्याच्या ओळखीचा डॉक्टर दहा मिनिटांवर असेल, त्याच्याकडे ईसीजीचे यंत्र असेल आणि आलेख वाचून १०८ ला बोलावण्याइतका आत्मविश्वास असेल, तर तो माणूस बांबोळीच्या हृदयरोगतज्ज्ञांपर्यंत हृदयाचा स्नायू शाबूत असताना पोहोचतो. त्या तज्ज्ञांचे कौशल्य किती उपयोगी पडेल, हे अशा वेळी तुम्ही घालवलेल्या किंवा वाचवलेल्या तासावर ठरते.

तुमच्या मित्रांच्या बोलण्यात तथ्याचा एक अंश आहे, तोही सांगायला हवा. इंटर्नशिप संपवून थेट एकट्याने दवाखाना टाकणे मला सुरक्षित वाटत नाही, कारण तोवर तुम्ही नेहमी कोणाच्या तरी देखरेखीखाली काम केलेले असते आणि रुग्ण पुढे केव्हा पाठवायचा हा निर्णय स्वतः घेतलेला नसतो. फॅमिली मेडिसिन हा आता तीन वर्षांचा, डीएनबीच्या (राष्ट्रीय परीक्षा मंडळाच्या पदव्युत्तर पदवीच्या) स्वरूपात मिळणारा रीतसर पदव्युत्तर विषय आहे. त्यात मेडिसिनबरोबर बालरोग, प्रसूती, त्वचारोग, मानसिक आजार आणि छोट्या शस्त्रक्रियांचेही प्रशिक्षण मिळते. तुम्हाला जे काम करायचे आहे त्याच्यासाठी तो नेमका आहे. ते लगेच करायचे नसेल तर गोवा वैद्यकीय परिषदेकडे कायम नोंदणी करून दोन वर्षे आरोग्य केंद्रात किंवा म्हापशाच्या जिल्हा इस्पितळात नोकरी करा. तेथील मेडिसिनच्या ओपीडीत बसा, कॅज्युअल्टीच्या रात्रपाळ्या मागून घ्या, आणि तुम्ही बांबोळीला पाठवलेल्या प्रत्येक रुग्णाचे पुढे काय झाले ते फोन करून विचारत जा.

घरच्यांना पटवायचे असेल तर वाद घालू नका. एखाद्या रविवारी वडिलांना तालुक्यातील जुन्या, भरवशाच्या डॉक्टरांकडे घेऊन जा आणि त्यांनाच विचारू द्या की चाळीस वर्षे हे काम कसे केले, घर कसे चालले आणि आता त्यांचा दवाखाना पुढे कोण चालवणार आहे. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर अनेक डॉक्टरांपाशी आज नाही. त्यांच्यापैकी एखाद्याने तुम्हाला जवळ बसवून घेतले, तर वर्षभर सकाळचे दोन तास तेथे द्या.